हलक्या कामास योग्य

माघी पौर्णिमेच्या बैठकीत आप्पा नागवेकरांनी रागाच्या भरात "दाखला आणून देतो" असं म्हटलं नसतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तेहतीस वर्षं बंदरखात्यात कारकुनी केलेल्या माणसाला राग आला की त्याच्या तोंडून शिवी निघत नाही, दाखला निघतो.

बैठक देवळात होती. शिमग्याला महिना उरला होता. वाडीच्या जाखमातेची पालखी देवळातून निघून सहाणेवर जाते, म्हणजे ज्या दगडी चौथऱ्यावर ती पाच दिवस बसते तिथे. त्या वाटेवर पालखीच्या दांड्याचा पुढला खांदा नागवेकरांच्या थोरल्या घराचा. आप्पांच्या वडिलांनी तो मरेपर्यंत दिला होता आणि त्यांच्यामागे एकोणीस वर्षं आप्पा देत होते. मागल्या शिमग्यात मारुतीच्या पाराजवळच्या उतारावर आप्पांचा पाय किंचित घसरला आणि पालखी डावीकडे कलली. पडली नाही, नुसती कलली. पण त्यानंतर वाडीत वर्षभर जे जे झालं, म्हणजे दोन म्हशी आटल्या, एका मचव्याचं शीड फाटलं आणि शाळेचा मास्तर बदलून गेला, ते सगळं त्या कलण्याच्या खात्यावर पडलं होतं.

म्हणून बैठकीत आप्पांचे चुलतभाऊ सखाराम नागवेकर, वय अठ्ठावन्न, अतिशय मऊ आवाजात म्हणाले की दादांचं आता एकसष्ट सरलं, यंदा दादांनी विसावा घ्यावा. हा मऊपणाच आप्पांना लागला. कुणी आरडाओरडा करून मान काढून घेतला असता तर भांडता आलं असतं. इथे सगळी वाडी त्यांच्याकडे आजाऱ्याकडे पाहावं तशी पाहत होती. आप्पा उठून म्हणाले, "मी धडधाकट आहे. सरकारी डॉक्टरचा तसा दाखला आणून देतो." वाडीचे म्हातारे गावकार भागोजी यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आण तर मग." बैठक संपली आणि आप्पांचा वसंत सुरू झाला.

घरी येऊन त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मुंबईच्या मुलाने पाठवलेल्या अर्काच्या बाटलीभोवती गुंडाळलेलं पत्रक सोडवलं. अर्क त्यांनी कधीच घेतला नव्हता. पत्रकावर 'उतारवयातील गृहस्थांसाठी वसंत ऋतूतील आरोग्याचे चौदा नियम' असं छापलेलं होतं. त्यातले तेरा दिसत होते. चौदावा डिंकाने बाटलीला चिकटून राहिला होता. तेरा नियमांत काम भागेल असं आप्पांना वाटलं. ते नियम त्यांनी बंदरखात्याच्या जुन्या वळणदार अक्षरात एका कागदावर उतरवले आणि स्वयंपाकघराच्या दाराला लावले. पत्नी गोदूबाई यांनी ते वाचले, आणि त्यांच्या लक्षात आलं की तेरापैकी नऊ नियम आपल्यालाच पाळायचे आहेत.

पहाटे उठणे आणि दोन मैल चालणे हे आप्पांचं काम, पण त्याआधी सुंठीचं पाणी उकळून ठेवणे हे गोदूबाईंचं. नवा तांदूळ वर्ज्य, जुनं धान्य घ्यावं, शक्यतो जव. रत्नागिरीत जव कोण खातं? घाटावरून गूळ आणणाऱ्या एका व्यापाऱ्याला निरोप धाडला, तर त्याने बैलाला हवेत का माणसाला असं विचारलं. आठ दिवसांनी जव आले, त्यात खडे इतके होते की निवडताना गोदूबाईंनी दोन ढीग केले आणि कोणता शिजवायचा हे क्षणभर त्यांना ठरवता येईना. दही बंद. दुपारची झोप बंद. कडूनिंबाची कोवळी पानं वाटून सकाळी. अंगाला कोरडं उटणं. आणि तेरावा नियम, मन सदैव प्रसन्न ठेवावे. हा पाळताना आप्पांचा चेहरा इतका ताणलेला दिसे की गोदूबाई त्यांना दात दुखतोय का असं दोनदा विचारून गेल्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण आपल्याकडे एखाद्याने प्रकृती सुधारायला घेतली की ती त्याची खाजगी बाब राहत नाही. आप्पा पहाटे चालताना दिसू लागले आणि तिसऱ्या दिवशी विठू वैद्य स्वतः होऊन ओट्यावर येऊन बसले. त्यांनी पत्रक वाचलं आणि नाक मुरडलं. ते म्हणाले की नियम ठीक आहेत, पण वसंत अजून लागलेलाच नाही. पत्रक लिहिणाऱ्याने इंग्रजी महिना धरला आहे, आणि कफाला इंग्रजी येत नाही. पौषात बाटलीतलं खोबरेल जसं थिजतं तसा कफ थंडीत थिजतो, आणि वसंताच्या उन्हाने पातळ होऊन अंगभर पसरतो. तो पसरायच्या आधी शिशिराचं अन्न हळूहळू सोडायचं आणि वसंताचं हळूहळू धरायचं. मधल्या पंधरा दिवसांना ऋतुसंधी म्हणतात. त्या काळात माणसाने फार जपावं, कारण त्या वेळी तो ना इकडचा असतो ना तिकडचा. त्यांनी मधाचं पाणी आणि एक दिवसाआड लंघन सांगितलं. तेल मात्र अंगाला अजिबात नाही.

वैद्य फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच शेजारचे बाबू तांडेल आत आले. हे मूळचे पूर्णगडचे, चाळीस वर्षं गलबतावर काढलेले. वैद्यांचं बोलणं त्यांनी कुंपणापलीकडून पूर्ण ऐकलं होतं. त्यांचं म्हणणं असं की माणसाचं अंग म्हणजे मचवा. हंगामाच्या आधी मचवा वर ओढतात, आणि त्याला उपाशी ठेवत नाहीत, तेल पाजतात.

"आप्पानू, लाकूड सुकलां की चिरतां," ते म्हणाले. "उंडीचां तेल चोळा आणि मोरीचा रस प्या. वैद्याचा आयकून खांदो दिलात तर दांड्याबरोबर तुमकाच उचलूचा लागंल."

आप्पांनी आयुष्यात दोन साहेबांच्या हाताखाली एकाच वेळी काम केलेलं होतं. दोघांचेही हुकूम पाळायचे आणि कोणालाच दुसऱ्याचा कळू द्यायचा नाही, हा नियम त्यांना पाठ होता. तोच त्यांनी इथे लावला. सकाळी उटणं, संध्याकाळी उंडीचं तेल. एक दिवस लंघन, दुसऱ्या दिवशी मोरी माशाचा रस. सकाळचं उटणं रात्रीच्या तेलात भिजून चार दिवसांत त्याचा एक पातळ थर अंगावर बसला, तो गोदूबाईंनी नारळाच्या शेंडीने घासून काढला. उपाशी पोटी एक दिवस काढल्यावर दुसऱ्या दिवशी मोरीचा रस पोटात गेला की पोट त्याच्याशी कसं वागावं याचा विचार दुपारपर्यंत करत बसे, आणि मग निर्णय एकदम जाहीर करी. परसाकडे जाण्याची वाट आप्पांना इतकी पायाखालची झाली की त्यांच्या दोन मैलांतला निदान अर्धा तिथेच पुरा होत असावा.

मग खांद्याच्या सरावाचं आलं. ते कुणी सुचवलं यावर पुढे वाद झाला. बाबू तांडेल म्हणत वैद्यांनी, वैद्य म्हणत तांडेलांनी. पालखीच्या दांड्याच्या जाडीचा एक लांब बांबू आप्पांनी कुंपणाच्या आडव्या बांबूंच्या बेड्यातून काढला आणि एका पहाटे तो खांद्यावर टाकून ते चालायला निघाले. चेहरा गंभीर होता, कारण आदल्या दिवशी लंघन होतं. वाटेत दोन-तीन जण भेटले. त्यांनी आप्पांकडे पाहिलं, बांबूकडे पाहिलं, काही विचारलं नाही, नुसते हात जोडले. आपल्या चिकाटीचा लोक मान राखतात असं आप्पांना वाटलं.

नऊच्या सुमारास खांद्यावर पंचा टाकलेली चार माणसं नागवेकरांच्या अंगणात येऊन उभी राहिली. पाठोपाठ आणखी तिघे आले. एकाने येताना गोवऱ्या आणल्या होत्या. आप्पा ओट्यावर बसून कडूनिंब गिळत होते, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शेवटी त्यांतल्या वडीलधाऱ्याने खाली बघत विचारलं, "वैनी कधी गेल्या?"

"विहिरीवर," आप्पा म्हणाले.

तेवढ्यात गोदूबाई दोन कळशा घेऊन मागच्या दाराने आल्या आणि अंगणातली गर्दी बघून, पालखीच्या वर्गणीला आलात का, असं विचारत्या झाल्या. गोवऱ्यावाल्याने गोवऱ्या चुलीसाठी आणल्या होत्या असं सांगितलं. गोदूबाईंनी सगळ्यांना चहा दिला. माणसं गेल्यावर बांबूकडे एकदा, आप्पांकडे एकदा बघून त्या आत गेल्या. संध्याकाळी त्या अर्काची बाटली घासायला बसल्या तेव्हा चौदावा नियम सुटून आला. त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. 'वरील नियम एकदम सुरू करू नयेत. आठवड्यास एक या प्रमाणे अंगवळणी पाडावेत.'

तेरा आठवड्यांचा हिशोब वैशाखाच्याही पुढे जात होता. शिमगा अकरा दिवसांवर होता. आप्पांनी तो कपटा घडी करून कोटाच्या खिशात ठेवला आणि या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी ते बंदरावर जुन्या कचेरीत गेले आणि माल तोलायच्या काट्यावर उभे राहिले. महिन्याच्या सुरुवातीला ते एक मण चोवीस शेर भरले होते. आता एक मण एकोणीस शेर. काट्यावरच्या ओळखीच्या माणसाने वजनाची चिठ्ठी देताना सवयीने 'नग एक, वाटेत घट' असं लिहिलं.

दाखल्याशिवाय आता मार्ग नव्हता. सरकारी दवाखान्यातल्या कारकुनाने त्यांना अदबीने बसवलं आणि कोणता दाखला हवा ते विचारलं. आजारी असल्याचा दाखला होता. वेडा असल्याचा होता. देवी टोचल्याचा होता. नोकरीवर पुन्हा रुजू होण्यास लायक असल्याचाही होता, पण आप्पांना नोकरी नव्हती. पेन्शनीत निघालेला माणूस धडधाकट आहे असं लिहून देण्याची तरतूदच नाही, कारकून म्हणाला. तो धडधाकट असला काय आणि नसला काय, सरकारला कर्तव्य नाही. आप्पांना हे ऐकून वाईट वाटलं, पण कारकुनाचं म्हणणं नियमाला धरून आहे हे त्यांना मनातून पटत होतं. आपणही त्याच्या जागी असतो तर हेच बोललो असतो, आणि एवढ्या अदबीने बोललो नसतो, असंही त्यांना वाटून गेलं. तीन दिवस ते रोज जाऊन बाकावर बसले. तिसऱ्या दिवशी कारकुनाने 'रुजू होण्यास लायक'चा नमुना काढला, धंद्याच्या रकान्यात 'खांदा देणे' असं लिहिलं आणि त्यांना आत सोडलं.

डॉक्टर तरुण होते आणि घाटावरचे होते. त्यांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली, जीभ बघितली. ती कडूनिंबाने हिरवी झाली होती. काय होतंय, त्यांनी विचारलं. काही होत नाही, आप्पा म्हणाले. मग ही अवस्था कशाने, डॉक्टर म्हणाले. आप्पांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं, नियम, उटणं, उंडीचं तेल, जव, मोरी. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. उचलायचं वजन किती, एवढंच त्यांनी शेवटी विचारलं. देवीचं वजन करत नाहीत, आप्पा म्हणाले. डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि इंग्रजीत एक ओळ लिहून सही केली. घरी जाऊन भात खा आणि दुपारी झोपा, असंही ते म्हणाले. ते मात्र त्यांनी लिहून दिलं नाही.

आप्पांनी दाखला बाहेर बाकावर बसून वाचला. अर्थ सरळ होता. हलक्या कामास योग्य.

फाल्गुनातल्या नवमीला पुन्हा बैठक बसली. सखारामांचा मुलगा धाकू मुंबईहून आला होता, तिथे तो गिरणीत होता. उंच, रुंद खांद्यांचा पोरगा. इंग्रजी त्याला थोडं येत होतं म्हणून दाखला त्यालाच वाचायला दिला. त्याने वाचला आणि अर्थ सांगितला. आप्पांनी मान खाली घातली. महिनाभर राबून त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्धचा कागद आणला होता.

सखाराम हळूच म्हणाले, "मग झालं. पालखी काय हलकं काम हाय?"

भागोजी गावकारांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "मग जड हाय म्हणतोस?"

सखारामांचा चेहरा उतरला. वाडीत ही गोष्ट लहान पोरालाही ठाऊक होती. जाखमातेची पालखी जड म्हणायची नाही. देवी प्रसन्न असली की पालखी फुलासारखी असते, आणि ती जड झाली म्हणजे देवी कोपली. मग गुरवाने देवीला कौल लावायचा, चूक कुणाची ते शोधायचं, आणि तोवर पालखी बाहेर काढायची नाही. एकदा असा वाद निघाला तेव्हा शिमगा चैत्रात झाला होता. सखारामांनी इकडे तिकडे पाहिलं. कोणी त्यांच्या मदतीला आलं नाही. पालखी हलकी आहे, असं ते शेवटी म्हणाले. "मग दाखला बरोबर हाय," भागोजी म्हणाले, आणि कागद देवीच्या पायाशी ठेवून दिला.

अशा रीतीने आप्पा जिंकले. घरी जाताना ते वाटेत दोनदा दगडावर बसले. आपल्याला काय मिळालं आहे हे त्यांना आता पुरतं कळलं होतं. देवळापासून सहाणेपर्यंत चारशे पावलं, त्यात मारुतीच्या पाराचा उतार, आणि अंगात पाच शेर कमी. पालखी या वेळी कलली तर तो नुसता अपमान राहणार नव्हता. वाडीत वर्षभर आटणारी प्रत्येक म्हैस त्यांच्या नावावर लागणार होती. त्या दिवसापासून त्यांनी जव बंद केले, पण सहा दिवसांत माणूस किती भरून येणार?

पौर्णिमेच्या सकाळी ढोल वाजू लागले. आप्पा धुतलेलं धोतर नेसून देवळात गेले आणि दांड्याच्या पुढल्या टोकाशी उभे राहिले. त्यांच्यामागचा दुसरा खांदा धाकट्या घराचा, म्हणजे सखारामांचा. पण तिथे सखाराम नव्हते, धाकू होता. आपली कंबर धरली आहे, असं सखारामांनी सांगितलं होतं. ते स्वतः कडेला उभे होते आणि त्यांची नजर आप्पांच्या पायांवर होती.

पालखी उठली. आप्पांनी दात आवळले, डोळे मिटले आणि वजनाची वाट पाहिली. वजन आलं नाही.

पंधरा पावलं गेली, वीस गेली. आप्पांनी डोळे उघडले. बाजूने माणसं गुलाल उधळत होती आणि कोणीतरी म्हणत होतं की बघा, आप्पांना कशी फुलासारखी झाली. आप्पांनी खांदा किंचित वर केला. दांडा लागला नाही. त्यांनी टाचा उचलल्या तेव्हा तो कुठे जेमतेम टेकला. मग त्यांच्या ध्यानात आलं. धाकू त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच होता. दांडा सरळ असतो; त्याच्याखाली उंच आणि बुटका असे दोघे उभे राहिले की सगळा भार उंचावर येतो. यात देवीचा काही संबंध नव्हता. आप्पा टाचा उचलून तसेच चालत राहिले, कारण देवीच्या दांड्याखालून नुसतं चालणं त्यांना सहन होईना.

"काका, पाय टेकून चाला," मागून धाकू दबक्या आवाजात म्हणाला. "मी हाय."

मारुतीच्या पाराशी आल्यावर रीतीप्रमाणे पालखी थांबली. आप्पा घामाने भिजले होते, आणि खांद्यावर तर दांड्याचा वळही उठला नव्हता. त्यांनी कडेला बघितलं. सखाराम उभे होते, कंबरेवर हात नव्हता, मान थोडी वर करून दांड्याकडे बघत होते. त्यांना इतकं नीट आप्पांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. सखाराम त्यांच्याहून चांगले चार बोटं बुटके होते. एकोणीस वर्षं ते आप्पांच्या मागे त्याच दांड्याखाली चालले होते.

आप्पांना तिथेच एकदम बसावंसं वाटलं. पण पालखी खांद्यावर असताना बसता येत नाही, निदान इतरांच्या खांद्यावर असताना तरी.

पुढला खांदा कुणी मागून घेत नाही. ज्याचा असतो त्यानेच हाक मारून द्यावा लागतो. आप्पांनी हाक मारली. "सखाराम, ये. पुढं ये."

ढोल थांबले. सखाराम जागचे हलले नाहीत. मग भागोजींनी त्यांच्या पाठीला हात लावला तेव्हा ते आले आणि दांड्याखाली उभे राहिले. मधे जवळजवळ टीचभर फट राहिली. आप्पा बाजूला होऊन धाकूजवळ गेले. "धाकू, गुडघ्यात जरा वाक," ते म्हणाले. "अजून. त्याच्या खांद्याला टेकू दे."

दांडा खाली आला. सखारामांचा खांदा दबला, मान कडेला गेली, आणि पहिल्या पावलाला ते डळमळले. मग त्यांनी पाय रोवले. उतारावरून पालखी अतिशय सावकाश गेली आणि अजिबात कलली नाही. आप्पा दांड्याला नुसता हात लावून बाजूने चालत होते आणि त्यांना सडकून भूक लागली होती.

पालखी सहाणेवर बसल्यावर गर्दी नारळांकडे वळली. दोघे भाऊ चौथऱ्याच्या मागच्या बाजूला सावलीत बसले. सखारामांनी सदरा सरकवून खांदा पाहिला. तो लाल झाला होता. ते त्यावरून पुन्हापुन्हा बोट फिरवत होते.

"पुढल्या वर्षापासून तूच पुढं राहा," आप्पा म्हणाले. "मी मागं येईन, गुडघ्यात वाकून. मागं तुला कधी दांडा लागलाच नाही, हे आज मला कळलं."

सखारामांनी सदरा नीट केला.

"मला पहिल्याच वर्षी कळलं होतं, दादा," ते म्हणाले.